ऑक्टोबरफेस्टच्या तंबूतली सर्व्हिस : वेट्रेसना पैकीच्या पैकी, बाकीचे काठावर पास

जर्मनीतल्या म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्ट या बिअरच्या जत्रेवर मराठीत जे लिहिलं जातं त्यात बिअर असते, आकाशपाळणे असतात, चामड्याच्या चड्ड्या असतात. ज्या बायका ती बिअर टेबलापर्यंत आणतात त्यांचा उल्लेख फारतर फोटोखालच्या ओळीत येतो. मग पहिल्यांदा गेलेली मंडळी तासभर कोरडी बसतात आणि ‘सर्व्हिस भिकार’ असा शेरा मारून परत येतात. हा रिव्ह्यू तेवढ्यापुरताच आहे : मोठ्या तंबूंतली टेबल सर्व्हिस, तिचा हिशेब आणि तिथे गिऱ्हाइकाच्या होणाऱ्या चुका.

आधी जागेचं गणित. तेरेसिएनवीझं या मैदानावर (स्थानिक लोक जत्रेलाच ‘वीझन’ म्हणतात) चौदा मोठे तंबू लागतात आणि त्यांशिवाय बरेच छोटे. बिअर फक्त शहरातल्या सहा कंपन्यांची : आउगुस्टिनर, हाकर-प्शोर, हॉफब्रॉय, ल्योवेनब्रॉय, पाउलानर आणि श्पाटेन. मोठ्या तंबूत एका वेळी हजारो माणसं बसतात. आपण उठून काउंटरवर जावं, पैसे टाकावे, ग्लास घेऊन यावं, असा प्रकार आत जवळपास नाहीच. जे काही येईल ते वेट्रेसच्या हातून, आणि तेही तुम्ही बाकावर बसला असाल तरच. मधल्या वाटेत उभ्या माणसाला ती बिअर देत नाही, कितीही गयावया करा. हॉफब्रॉयच्या तंबूत उभ्याने पिणाऱ्यांसाठी वेगळा भाग आहे, तो अपवाद. तेव्हा पहिलं काम जागा पकडण्याचं. बाक लांबलचक असतात, अनोळखी लोकांशेजारी बसणं हीच रीत आहे. ‘इस्ट हिअर नॉख फ्राय?’ म्हणजे ‘इथे जागा आहे का?’ एवढं विचारलं की लोक सरकतात.

दुसरं : प्रत्येक वेट्रेसकडे ठरावीक टेबलं असतात. शेजारच्या रांगेतलीला हाक मारून उपयोग नाही, ती नुसती मान हलवून पुढे जाईल. यात उद्धटपणा नाही. तुमच्या टेबलाची विक्री तिच्या खात्यात धरली जात नाही. बसल्याबसल्या आपली कोण ते बघून ठेवा आणि दिवसभर तिलाच धरून राहा.

आता ओझं. इथलं माप ‘मास’, म्हणजे एक लिटर. जाड काचेचा मग रिकामा असताना साधारण 1.3 किलो भरतो, बिअरसकट 2.3 किलो. एका फेरीत दहा मग हा तिथला नेहमीचा हिशेब, म्हणजे 23 किलो : परदेशी जाताना आपण वजनकाट्यावर ठेवतो ती चेक-इन बॅग. सरावलेल्या बायका बारा नेतात. 2008 मध्ये आनिटा श्वार्त्स या जर्मन वेट्रेसने एकोणीस भरलेले मग चाळीस मीटर नेण्याचा विक्रम केला होता. पण विक्रम एकदाच करायचा असतो. इथे हे सकाळपासून रात्रीपर्यंत आणि सलग सोळा-सतरा दिवस चालतं.

ट्रे नसतो, आणि त्याला कारण आहे. मगांचे कान आतल्या बाजूला घेऊन चार-पाच मगांचं वर्तुळ करायचं, सगळे कान एकाच मुठीत धरायचे, दुसऱ्या हातात तसंच दुसरं वर्तुळ, आणि उरलेले मग वरच्या थरावर. मग एकमेकांना दाबून धरतात, मागचा भार छातीवर टेकतो. मनगटाने उचलायला गेलं तर पहिल्याच दिवशी हात जाईल. भार दंड, छाती आणि कमरेवर घेतला तरच निभतं. गर्दीतून वाट काढायला बऱ्याचजणी तोंडात शिटी धरतात. शिटी वाजली की बाजूला व्हा, मागे वळून बघत बसू नका. ओल्या फळ्यांवर 23 किलो घेऊन आलेल्या बाईला ब्रेक लागत नाही.

टेबलावर मग उतरतात तो क्षण नाजूक असतो. ती मगांचा घोळका टेबलाच्या कडेवर टेकवते आणि मूठ सोडते. त्याआधी तिथला मोबाइल, पाकीट, ब्रेझेलची (पिळाच्या खाऱ्या पावाची) टोपली बाजूला करा आणि हातभर जागा मोकळी ठेवा. मदत म्हणून घोळक्यातला एखादा मग खेचून काढायचा नाही. एक निघाला की बाकीच्यांचा तोल जातो आणि सगळी बिअर मांडीवर येते. मग हातात आला की काठावरून नजर फिरवा. दिवसभर आपटून काठाचे टवके उडतात, तसं दिसलं तर लगेच बदलून मागा. ‘प्रोस्ट’ करताना मग खालच्या जाड भागावर टेकवतात, काठाला काठ लावत नाहीत. टवके उडतात ते त्यामुळेच.

पैशाचा भाग नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळी सर्व्हिस त्याभोवती फिरते. तंबूतल्या वेट्रेसची कमाई मुख्यतः विक्रीवरचे टक्के आणि टिप यांवर असते. बिअर उचलताना टोकन द्यावं लागतं किंवा तिच्या खात्यावर नोंद होते, आणि उचललेल्या मालाचा हिशेब तिने तंबूमालकाला चुकता करायचा असतो. तुमच्यापुढे आलेला मग म्हणजे एका अर्थी तिची पदरमोड. तुम्ही पैसे न देता सटकलात तर खड्डा तिच्या खिशाला. म्हणून बिअरचा मग टेबलावर ठेवला की लगेच पैसे घेतले जातात. आपल्याकडे परमिट रूममध्ये शेवटी एकदाच बिल मागवायची सवय असते, ती इथे चालत नाही. दर फेरीचे पैसे दर फेरीला.

दर तंबूगणिक थोडा बदलतो. 2025 मध्ये एका मासला 14.50 ते 15.80 युरो पडत होते. जो आकडा छापला आहे त्यात कर आला. मुंबई-पुण्यात दारूवर व्हॅट, खाण्यावर जीएसटी आणि वर सर्व्हिस चार्जची घासाघीस असते, तसलं काही नाही. टिप मात्र धरलेली नसते. द्यायची पद्धत अशी : मग 14.90 चा असेल तर वीसची नोट देताना तोंडाने ‘सोळा’ म्हणायचं, ती चार परत देते. दिलेली रक्कम टिपेसकट नेमकी असेल आणि वरचे तिला ठेवायचे असतील तर ‘श्टिम्ट सो’ (‘बरोबर आहे, असू द्या’) म्हणायचं. टेबलावर नाणी ठेवून निघून जाऊ नका. ती पुढच्या गिऱ्हाइकाच्या किंवा सांडलेल्या बिअरच्या वाट्याला जातात. एका मासमागे एक-दीड युरो ही रीतसर टिप. पहिल्याच फेरीला ती सढळ हाताने दिली तर पुढच्या फेऱ्यांना आपलं टेबल लवकर दिसतं, यात गुपित काही नाही. दहाजणांच्या टेबलाने दहा मगांवर मिळून एक युरो ठेवला, तर रात्री आठनंतर कोण आधी येईल याची अपेक्षा ठेवू नये.

कार्ड काही तंबूंत चालतं, पण त्याच्या भरवशावर जाऊ नका. गर्दीच्या वेळी मशीनला नेटवर्क मिळेपर्यंत ती दुसऱ्या तीन टेबलांना बिअर देऊन येईल. दहा आणि वीसच्या नोटा जवळ ठेवा. शंभराची नोट पुढे करणं म्हणजे तिचं सुट्ट्यांचं पाकीट एका झटक्यात रिकामं करणं. आणि मित्रमंडळी असाल तर एकाने वर्गणी गोळा करून एकदम द्यावी. दहाजणांनी दहा वेगळे हिशेब मांडले की पुढच्या फेरीला ती तुमच्याकडे शेवटी वळते, आणि बरोबरच करते.

ऑर्डर देताना ओरडून फायदा नाही, बँडपुढे तिला ऐकू जात नाही. शुक-शुक किंवा चुटकी तर अजिबात नको. नजर मिळवायची आणि बोटं दाखवायची. इथे जर्मन खोड लक्षात ठेवा : मोजणी अंगठ्यापासून सुरू होते. एक म्हणजे अंगठा, दोन म्हणजे अंगठा आणि तर्जनी. आपल्यासारखी नुसती तर्जनी वर केली तर ‘थांबा’ असाही अर्थ निघू शकतो. हाक मारायचीच तर ‘एंटशुल्डिगुंग’ (‘माफ करा’) पुरे. जुन्या पुस्तकातलं ‘फ्रॉयलाइन’ (‘कुमारी’) वापरू नका, ते आता कोणाला आवडत नाही. बिअर हवी तर ‘आइनं मास, बिट्टं’. अर्धा लिटर मागायच्या भानगडीत पडू नका, मोठ्या तंबूंत साधी बिअर साधारणपणे लिटरनेच येते. कमी चढावी असं वाटत असेल तर ‘राडलर’ मागा : निम्मी बिअर, निम्मं लिंबू सोडा. बिनअल्कोहोलची बिअरही सर्व तंबूंत मिळते आणि ती मागितल्यावर कोणी वळून बघत नाही.

हे सांगायचं कारण, इथली बिअर साधारण 6 टक्क्यांची असते. आपल्याकडे स्ट्राँग पिणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटतो, पण माप एक लिटरचं आहे. त्यात 60 मिली अल्कोहोल झालं. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीत मोजलं तर दोन लार्ज आणि वर साधारण 20 मिली ज्यादा. दोन मास म्हणजे पाच लार्जच्या उंबरठ्यावर नक्की. फेसाळ आणि गोडसर असल्यामुळे ती पटकन उतरते, चखण्याला शेंगदाणे-पापड येत नाहीत, आणि टेबलावर आडवा झालेला माणूस वेट्रेसला सुरक्षारक्षक बोलावून उचलायला लावावा लागतो. खूप चढलेल्याला ती पुढचा मग नाकारू शकते. वाद घालू नये.

आता सगळ्यात मोठी तक्रार : मग पूर्ण भरलेला नसतो. तक्रार खरी आहे आणि जुनी आहे. मातीचे मग जाऊन 1892 पासून काचेचे आले, त्यामुळे निदान आत किती आहे ते दिसायला लागलं. कमी ओतण्याविरुद्ध म्युनिकमध्ये 1899 मध्ये चक्क एक संघटना निघाली, आणि 1970 मध्ये ती नव्याने उभी राहिली. मगावर एक लिटरची रेघ असते. फेस बसल्यावर बिअर त्या रेघेला टेकायला हवी. तपासणी करणारे नगरपालिकेचे अधिकारी 100 मिलीपर्यंतची तूट चालवून घेतात. 15.80 च्या मगात 100 मिली म्हणजे 1.58 युरो. दहा मगांच्या फेरीत एक अख्खा लिटर गायब.

कारण तांत्रिक आहे आणि लोभही आहे. मोठ्या टाक्यांतून नळाने दाबाखाली येणारी बिअर काही सेकंदांत मगात सोडली जाते, फेस वर येतो, तो बसेपर्यंत थांबायला कोणाला वेळ नसतो, आणि थांबला नाही तर मालकाचा फायदाच होतो. यात वेट्रेसचा हात नसतो. ओतणारा माणूस वेगळा, नळावरचा. ती समोर येतील ते मग उचलते. तिच्यावर डाफरणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. करायचं ते असं : मग आला की एक मिनिट फेस बसू द्या, तोंड लावू नका. रेघेच्या बराच खाली असेल तर तिलाच शांतपणे ‘बिट्टं नाखशेंकेन’ म्हणा, म्हणजे ‘जरा भरून द्या’. हा तुमचा हक्क आहे आणि तिलाही ठाऊक आहे. घोट घेतल्यावर केलेल्या तक्रारीला अर्थ नाही. दर मग भरून मागवलात तर मात्र तिच्या फेऱ्या वाढतात, कमाई नाही, आणि ती तुम्हाला टाळेल. फार कमी असेल तेव्हाच मागा. आउगुस्टिनरच्या तंबूत आणि फिशर-फ्रोनी नावाच्या तंबूत बिअर लाकडी पिंपातून येते. ती कमी गॅसची असते, चवीलाही मऊ. निवड असेल तर आमचं मत तिकडे.

बुकिंगबद्दल थोडक्यात. ते थेट तंबूच्या वेबसाइटवर होतं, टेबल साधारण आठ-दहा जणांचं अख्खं घ्यावं लागतं. बुकिंगची वेगळी फी नसते, पण माणशी किमान खरेदी आधी भरावी लागते : बहुतेक ठिकाणी दोन मास आणि अर्धी भाजलेली कोंबडी. त्याची कुपनं मिळतात, वेट्रेसला पैशाऐवजी ती द्यायची. इथे हमखास गफलत होते. कुपनात टिप नसते. कुपन देऊन हसून बाजूला बघणाऱ्या टेबलाकडे दुसऱ्या फेरीला ती का रेंगाळत येते ते आता सांगायला नको. टिप रोख, दर फेरीला. दोन्ही मास प्यायलाच हवेत असं नाही. बऱ्याच तंबूंत कुपनावर खाणंही मिळतं, आणि उरलेली कुपनं जत्रा संपल्यावर त्याच मालकाच्या शहरातल्या हॉटेलात चालतात. दलालांकडून शेकडो युरोंना टेबल विकत घेऊ नका. असं हस्तांतर तंबूवाले मानत नाहीत आणि दारातून परत पाठवू शकतात.

बुकिंग नसेल तर सोमवार ते गुरुवार, दुपारी दोनच्या आत. तेव्हा वेट्रेसला बोलायला फुरसत असते, काही तंबूंत दुपारचं जेवण स्वस्त असतं, आणि संध्याकाळी सहापर्यंत बँडचा आवाज 85 डेसिबलच्या आत ठेवण्याचा नियम 2005 पासून आहे, त्यामुळे ऑर्डर ऐकूही जाते. टेबलावर नाव आणि वेळ लिहिलेला कागद असेल तरी त्या वेळेपर्यंत बसता येतं. वेट्रेसला विचारा, ती नेमकं सांगते. शनिवारी सकाळी नऊला दार उघडायच्या आधी रांगेत नसाल तर सरळ दुसरा दिवस धरा. 27 सप्टेंबर 2025 च्या शनिवारी तर गर्दीमुळे सगळं मैदानच काही वेळ बंद करावं लागलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी महापौर पहिलं पिंप फोडतात ते दुपारी बाराला, त्याआधी तंबू भरलेला असला तरी बिअर मिळत नाही. एरवी शेवटची बिअर रात्री साडेदहाला; सव्वादहाला हात वर करणाऱ्याला ती मिळेलच असं नाही.

खाणंही तीच आणते, आणि तिथे वेळ लागतो, कारण स्वयंपाकघराची रांग तिच्या हातात नाही. शाकाहाऱ्यांनी ‘केझश्पेट्स्ल’ मागवावं : चीज आणि परतलेल्या कांद्यातल्या शेवया, पोटभरीच्या. ‘ओबाट्स्डा’ हे चीज, लोणी, कांदा आणि लाल तिखटाचं मिश्रण मोठ्या ब्रेझेलसोबत बिअरला झक्कास लागतं. बटाट्याची कोशिंबीर मागताना विचारून घ्या, तिच्यात पुष्कळदा मांसाचं सूप असतं. तंबूतलं पाणी लिटरला दहा युरोंच्या आसपास जातं. मैदानावर पिण्याच्या पाण्याचे फुकट नळ आहेत, ते शोधून ठेवा.

वागण्याबद्दल स्पष्टच लिहितो. डिर्न्डल हा पोशाख तिचा युनिफॉर्म आहे, निमंत्रण नाही. एप्रनची गाठ डावीकडे म्हणजे अविवाहित, उजवीकडे म्हणजे लग्न ठरलेली, असलं जे ज्ञान फिरतं ते वेट्रेसच्या बाबतीत निरुपयोगी. त्या गाठ मागे बांधतात, पुढे पैशांचं जाड पाकीट असतं. कमरेला हात लावून फोटो काढणं, पाठीवर थाप मारणं हे ‘जत्रेत चालतं’ म्हणणाऱ्यांनी ऐकून ठेवावं : लैंगिक हेतूने केलेला नकोसा स्पर्श हा जर्मनीत 2016 पासून वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कपड्याखालून किंवा गळ्यातून चोरून फोटो काढणं 2021 पासून गुन्हा. व्हिसावर आलेल्याने तर हा खेळ खेळूच नये. फोटो हवा असेल तर हात मोकळे असताना विचारा, बहुतेकजणी हसून देतात. तुमच्यासोबतच्या मुलीला किंवा बाईला कोणी त्रास दिला तर जवळच्या वेट्रेसला सांगा, त्या सुरक्षारक्षकांना लगेच बोलावतात. याशिवाय बायका-मुलींसाठी मैदानावर 2003 पासून ‘झिशरं वीझन’ हे मदतकेंद्र चालतं.

बाकावर उभं राहून नाचायला हरकत नाही, टेबलावर चढलात की बाहेर. मग घरी न्यायचा मोह आवरा. दारावर पिशव्या तपासतात आणि मग उचलणं ही सरळ चोरी धरली जाते. हवाच असेल तर दुकानातून विकत घ्या, पावती ठेवा. पिशवी तीन लिटरपेक्षा मोठी असेल तर मैदानातच सोडत नाहीत, म्हणजे पाठीवरची सॅक घरी.

आईबाबांना भारतातून आणलं असेल तर मोठ्या तंबूच्या वाटेला जाऊ नका. मैदानाच्या दक्षिण टोकाला ‘ओइडं वीझन’ ही जुन्या धाटणीची वेगळी जत्रा भरते (काही वर्षांनी एकदा त्याच जागी कृषिप्रदर्शन भरतं, त्या वर्षी ती नसते). चार युरो प्रवेश फी, पण आतल्या तंबूंत गर्दी बेताची, एका टेबलामागे वेट्रेसला खरोखर वेळ असतो, आणि पारंपरिक तंबूत बिअर मातीच्या मगात येते. त्यात रेघ दिसत नाही, तेव्हा तिथे मग हातात घेऊन वजनावरून अंदाज करावा लागतो.